शुभंकरांसाठी दोन शब्द
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात, गुहागर येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. ज्यांचे नाव या व्यासपीठावरून कधी घेतले जात नाही, अशांविषयी बोलण्याची आम्हांस अनुज्ञा असावी.

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा रोग बहुधा ऐन तारुण्यात जडतो. नसलेले आवाज ऐकू येतात, संशय बळावतो, माणूस आतल्या आत मिटत जातो. ही बाहेरची बाधा नव्हे. आईच्या संगोपनातील उणीव तर नव्हेच नव्हे. १९५२ पासून यावर औषधे उपलब्ध झाली. परंतु ती रोज वेळेवर देणारे घरातलेच कोणी असावे लागते. आपल्या गावी ती बहुधा आई असते, अथवा मुंबईस नोकरीला असलेल्या भावाची पत्नी. रोगी रात्र रात्र फिरतो, तेव्हा तीही जागते. औषधासाठी रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जावे, तर तवसाळची फेरीबोट धरून जयगडमार्गे जाण्यायेण्यात दिवस मोडतो. त्या दिवशी रोग्यापाशी कोणी बसावे?

कॅनडात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचे हेच दुखणे अनुभवले व १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापिली. तेथे रोग्यास शुभार्थी व सांभाळणाऱ्यास शुभंकर म्हणतात. शब्द गोड आहेत. पण खरे मोल आहे ते शुभंकरांनी एकत्र बसून मन मोकळे करण्याला. घरात सतत टोचून बोलले जाते तेथे रोग उलटण्याचा संभव अधिक, असे लंडनच्या संशोधकांनी गेल्या शतकातच दाखविले आहे. थकलेले माणूसच टोचून बोलते. तेव्हा त्यास विसावा देणे हादेखील उपचारच होय.

मग आपल्यात कोणी बोलत का नाही? धाकट्या बहिणीचे स्थळ मोडेल, हे भय! सोयरिकी जुळतात त्या याच मंडळींत. म्हणून हे भय घालविणे सरकारी खात्यास साधणार नाही, ते संघासच साधेल. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो, तो अवश्य घ्यावा. पण दूरध्वनी काही ओटीवर येऊन बसत नाही.

आमची सूचना लहानशी आहे. महिन्यातून एक दिवस एकाने रोग्यापाशी बसावे, दुसऱ्याने शुभंकराबरोबर रत्नागिरीस जावे. प्रवासखर्च संघाच्या निधीतून व्हावा, मात्र घराचे नाव इतिवृत्तात येऊ नये. वेळ देऊ शकणाऱ्यांनी चहापानापूर्वी चिटणिसांकडे नाव नोंदवावे. ज्यांना साह्य हवे त्यांनी काहीच नोंदवू नये. आमच्या घरी यावे. मागील दार दिवेलागणीनंतरही उघडे असते.