वाटेवरचे तेवर

(शाळेच्या हीरक महोत्सवातील माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेत असताना आमची सहल भेडाघाटला गेली होती. धुवांधारचे तुषार अंगावर घेतले, संगमरवरी कड्यांमधून नावेने फिरलो. वाटेत तेवर नावाचे गाव लागले. तेथे बस थांबली नाही आणि थांबवावी असे कोणाला वाटलेही नाही. त्या गावी उतरायला मला पुढे चाळीस वर्षे लागली.

जबलपूरपासून अवघ्या बारा-तेरा किलोमीटरवरचे हे तेवर म्हणजे प्राचीन त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. इसवी सनापूर्वीच्या तांब्याच्या नाण्यांवर या नगरीचे नाव ब्राह्मी लिपीत आढळते. मध्य आशियातील ख्वारिझम प्रांतात जन्मलेल्या अल्-बिरुनीने सुमारे १०३० साली लिहिलेल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात डाहल देशाची राजधानी ‘तिऔरी’ आणि तिचा राजा गांगेय यांचा उल्लेख केला आहे. त्या दूरदेशीच्या पंडिताला जे गाव ठाऊक होते, ते शेजारी राहणाऱ्या आम्हांला ठाऊक नव्हते!

आज तेथे राजधानीचे वैभव दिसत नाही. झाडाखालच्या चौथऱ्यावर भग्न शिल्पे आढळतात आणि गावकरी त्यांनाच हात जोडतात. जवळच कर्ण राजाचे नाव मिरवणारे कर्णबेल आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या ठेकेदारांनी तेथील घडीव दगड बांधकामासाठी उचलून नेले. पुढे भेडाघाटच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. नाव चौसष्टीचे असले, तरी त्याच्या ओवऱ्यांत ८१ प्रतिमांची योजना आहे.

या उजाड भूमीला बोलते केले ते दोन मराठी विद्वानांनी. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२ मध्ये सागर विद्यापीठातर्फे येथे उत्खनन केले, तर नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींचे शिलालेख व ताम्रपट संपादून १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. एकाने येथली माती वाचली, दुसऱ्याने शिळा.

त्या लेखांपैकी भेडाघाटचा एक लेख मला आज विशेष आठवतो. कलचुरी संवत ९०७, म्हणजे इसवी सन ११५५ मधला. नरसिंह राजाची माता अल्हणदेवी हिने शिवमंदिर बांधले, त्यासोबत मठ, उद्याने आणि एक व्याख्यानशाला उभारली व या साऱ्याच्या निर्वाहासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले. मित्रहो, आपल्या या परिसरात साडेआठशे वर्षांपूर्वी एका राजमातेने विद्येची सोय केली होती! ती व्याख्यानशाला आता उभी नाही. दोन गावांच्या उत्पन्नाने ती त्या काळापुरती चालली असेल. पण प्रत्येक पिढीने नव्याने तजवीज केल्याशिवाय कोणतीही शाळा टिकत नाही.

हे आज सांगण्यास कारण आहे. मराठी शाळेत मुले घालावीत की नाही, हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. आपण मुलांना रायगड सांगतो, शनिवारवाडा सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु मराठी ही केवळ दूरच्या मुलखाची आठवण म्हणून शिकवली, तर मुले ती आजोबांच्या पेटीतल्या वस्तूंसारखी जपून ठेवतील, वापरणार नाहीत. दीक्षित आणि मिराशी यांनी आपली विद्या याच भूमीचे मूळ शोधण्यासाठी खर्ची घातली. आपल्या शाळेनेही तोच मार्ग धरावा. नर्मदाकाठची ही भूमी मुलांनी मराठीतून वाचावी, मराठीतून लिहावी.

म्हणून माझी एकच विनंती आहे. दरवर्षी नववीच्या वर्गाने एक पूर्ण दिवस तेवर येथे काढावा, पाहिलेल्या शिल्पांची मराठीत टिपणे करावीत आणि ती शाळेच्या ग्रंथालयात जपली जावीत. खर्चाचा भार आम्ही माजी विद्यार्थी उचलू. पहिल्या वर्षीच्या बसचे भाडे मी आजच मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे.

या वेळी मात्र बस तेवरला थांबली पाहिजे.