यंत्राचे चित्र, मालकी कोणाची?

शेत एकाचे, बियाणे दुसऱ्याचे आणि राबणारा तिसरा असला, तरी खळ्यावरची वाटणी आपण आधी ठरवून घेतो. पण कृत्रिम बुद्धीच्या यंत्राने चित्र काढले, तर मालकी कोणाची?

अमेरिकेत स्टीफन थेलर यांनी अशा चित्राचा कर्ता म्हणून यंत्राचेच नाव लावले. २०२५ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितले, कर्ता माणूसच हवा.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली भर पडली: संगणकाने केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. पण ती कोण? यंत्र बांधणारा, की त्याला हुकूम सोडणारा?

आणि ज्यांची चित्रे पाहून यंत्र शिकले, ते चित्रकार? बियाणे तर त्यांचे. गुरुजी, त्यांना खळ्यावर बोलवायचे की नाही, हे एकदा वर्गात विचारून पाहा.