थंडीतील जुनी डिझेल गाडी आणि हीटर प्लगचे बटण

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा अध्यापक. आज मात्र पिकाऐवजी गाडीबद्दल बोलणार आहे. माल शेतात कितीही चांगला पिकला तरी पैसा होतो तो बाजारात पोहोचल्यावर. अहिल्यानगर जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा काही दिवस १० अंशांच्या खाली उतरतो, आणि भाजीचा लिलाव असतो पहाटे. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरलेली जुनी गाडी अंगणातच अडून बसली, तर उशिरा गेलेल्या मालाला पडेल भाव घ्यावा लागतो.

हीटर प्लग काय करतो?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. जुन्या ट्रॅक्स किंवा प्यूजो इंजिनाच्या महिंद्रा जीप यांसारख्या गाड्यांत डिझेल आधी सिलिंडरच्या डोक्यातील एका लहान कक्षात फवारले जाते. गार पहाटे या कक्षाच्या भिंतीच हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणून तेथे हीटर प्लग बसवलेला असतो. विजेने त्याचे टोक लालभडक होते व डिझेल पेटायला मदत होते.

बहुतेक ट्रॅक्टर आणि मोठे ट्रक थेट फवारणीचे असतात. त्यांना असे प्लग नसतात. काहींना हवेच्या नळीत हीटर असतो. म्हणून आपल्या इंजिनाला प्लग आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

दोष कोठे आहे?

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही, प्लगकडे पाहा. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टर तपासा, पाइपातील हवा काढा. सेल्फ मंद फिरत असेल तर बॅटरी, तिची टोके आणि इंजिनाचा अर्थ तपासा. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते.

प्लग तपासणे सोपे आहे. चावी बंद करून प्लगांना जोडणारी पट्टी काढावी. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या प्लसला लावून दुसरे प्रत्येक प्लगच्या डोक्याला टेकवावे. दिवा लागला नाही तो प्लग जळालेला. फार जुन्या गाड्यांत उघड्या वेटोळ्याचे प्लग एकामागे एक जोडलेले असतात. त्यांतील एक गेला की सगळे बंद पडतात. खाली सांगितलेली जोडणी अशा प्लगांसाठी नाही; ती प्रत्येकी १२ व्होल्टच्या पेन्सिल प्लगांसाठी आहे.

बटण केव्हा आणि कसे?

प्लग चांगले आहेत, पण त्यांना वीज देणारा टायमर बिघडला आहे, अशा वेळी हाताने दाबायचे बटण हा स्वस्त उपाय आहे. टायमर वीज देतच नसेल तर गाडी सुरू होत नाही. तो चिकटून राहिला तर प्लग जळतात आणि बॅटरी उतरते.

येथे एक चूक हमखास होते: प्लगची वायर सरळ डॅशबोर्डवरच्या बटणातून नेली जाते. तापलेला एक प्लग साधारण १० ते १२ अँपिअर घेतो, सुरुवातीच्या क्षणी त्याहून बराच जास्त. चार प्लगांचा हा भार साध्या बटणाला सोसत नाही. बटण वितळते, वायर पेटते. म्हणून जोडणी अशी करावी :

१. प्रथम बॅटरीची मायनस वायर काढावी.
२. जुन्या टायमरकडून प्लगांकडे येणारी वायर सोडवून तिचे टोक टेपने बंद करावे.
३. बॅटरीच्या प्लसपासून ८० अँपिअरचा फ्यूज, पुढे सतत ८० अँपिअर सोसणारा रिले, तेथून प्लगांची पट्टी. ही वायर तांब्याची, १० चौरस मिलिमीटरची असावी. हेडलाइटचा साधा रिले चालणार नाही.
४. रिलेच्या कॉइलला वीज चावीनंतरच्या लाइनवरून, बटणातून द्यावी; दुसरे टोक बॉडीला अर्थ करावे. चावी बंद केली की प्लग बंद झालेच पाहिजेत.
५. बटण सोडले की आपोआप बंद होणारेच घ्यावे, आणि प्लग चालू असल्याचे दाखवणारा लहान दिवा त्याच्याजवळ बसवावा.

वायरमनकडून काम करून घेताना या पाच गोष्टी समोर उभे राहून तपासून घ्या.

वापर आणि खबरदारी

गार इंजिनाला चावी फिरवून १५ सेकंद बटण दाबावे, सोडावे, मग सेल्फ मारावा. सुरू न झाल्यास मिनिटभर थांबून पुन्हा तसेच करावे. एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये. इंजिन गरम असेल तर बटणाची गरजच नसते. टायमर होता तेव्हा वेळ तो मोजत होता. आता ती जबाबदारी आपल्या बोटावर आली. घरात जो जो गाडी चालवतो त्याला हे समजावून सांगा.

काही जण एअर क्लीनर काढून पेटता बोळा धरतात किंवा ईथरचा स्प्रे मारतात. प्लग तापलेले असताना हा स्प्रे मारला तर स्फोट होऊन इंजिन फुटू शकते, हात-तोंड भाजू शकते. दोन्ही प्रकार कटाक्षाने टाळावेत.

नव्या कॉमन रेल गाड्यांना हे बटण लावू नये. त्यांतील अनेकांचे प्लग कमी व्होल्टेजचे असतात आणि संगणक त्यांना मोजून वीज देतो. सरळ १२ व्होल्ट दिल्यास ते काही क्षणांत जळतात.

दिवाळीनंतर, थंडी पडण्यापूर्वीच एकदा बॅटरी, अर्थ आणि प्लग तपासून घ्या. म्हणजे पहाटे माल भरल्यावर गाडीला धक्का मारायला शेजाऱ्यांना उठवावे लागणार नाही.