काशीदचं वेळापत्रक वेगळं असतं
(काशीद येथे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासासाठी कोणते ॲप चांगले, यावर बोला, असं मला सांगण्यात आलंय. नावं सांगतेच. पण आधी तुमच्या गावाकडे बघू. अभ्यासाची तयार वेळापत्रकं शनिवार-रविवार मोकळे धरून बनवलेली असतात. इथे नेमकं उलटं. शुक्रवार संध्याकाळपासून अलिबागकडून गाड्या यायला लागतात आणि खोल्या, खानावळ, टपरी यांत घरातली मुलंही गुंततात. मग वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात मोडतं आणि घरचे म्हणतात, पोराचं लक्षच नाही.

तर गूगल कॅलेंडर उघडा आणि शनिवार-रविवारी अभ्यास लिहूच नका. सोमवार ते गुरुवार भरा. "मगरिबनंतर बसेन" एवढ्यावर भागत नाही. मगरिब जूनअखेर सव्वासातच्या पुढे जाते, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास येते. घड्याळाची वेळ लिहा, आठवणीची घंटी लावा.

पुस्तकांसाठी पैसे भरून कुठलंही ॲप घेऊ नका, निदान आधी फुकटचं वापरून बघा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला. 2020चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. खेड्यातल्या शाळेतून निघालेली गोष्ट आहे ही.

मात्र जे लागेल ते रेंज असताना उतरवून ठेवा. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आपल्याच जिल्ह्यात किनाऱ्यावर आलं. शाळा आधीच बंद, अभ्यास फोनवर, आणि लाईट-नेटवर्क दोन्ही गेलं.

पाठांतरासाठी अँकी. अँड्रॉइडवर फुकट आहे. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, अशी कार्डं तुम्हीच बनवायची. जे चुकतं ते लवकर पुन्हा समोर येतं, जे येतं ते उशिरा. माणूस किती वेगाने विसरतो हे एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने 1885मध्येच मांडलं होतं. फोनने त्याचा फक्त हिशेब ठेवायचा. दुसऱ्याची तयार कार्डं घेऊ नका. कार्ड बनवतानाच निम्मा अभ्यास होतो.

आता मुख्य गोष्ट. घरात एक जास्तीचा फोन असला तर तो कोणाकडे जातो? भावाकडे. बहिणीला तो रात्री दहानंतर, पाच टक्के चार्जिंगसकट मिळतो. दोघांची परीक्षा एकच, पेपर एकच. भाऊ मंडळींनो, कॅलेंडरमध्ये तिचा तासही लिहा, आणि त्या तासाला फोन चार्ज करून द्या. ती मागायला येईपर्यंत थांबू नका.

आणि मुलींनो, गूगलवर स्वतःच्या नावाचं खातं हवंच. नंबर आईचा द्या, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. मग फोन कोणाचाही असो, कॅलेंडर तुमचं उघडतं. अँकीचंही तसंच खातं करता येतं. काम झालं की लॉग आउट करायचं.

आत्ताच करूया. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी शेजारणीचा घ्या. मी थांबते.