आखणीतला विसावा



काम आवडीचे असले म्हणजे विश्रांतीची गरज उरत नाही, असे आपल्याकडे पुष्कळदा बोलले जाते. आज आम्ही या समजुतीविरुद्ध थोडे बोलणार आहोत. घराचा नकाशा काढणारे, यंत्राचे भाग योजणारे, छापावयाच्या पानाची मांडणी करणारे, चित्रपटाचे नेपथ्य उभारणारे, अशा आम्हा आखणीवाल्यांना ही समजूत फार बाधते. कंटाळवाणे काम करणारा माणूस घड्याळाकडे पाहत असतो आणि वेळ झाली की उठतो. आवडीच्या कामात गढलेल्याला घड्याळ दिसतच नाही. कामात समाधान ज्याला अधिक, थकून जाण्याचा धोकाही त्यालाच अधिक. ऐकावयास हे विचित्र वाटेल. परंतु अनुभव असाच आहे.

हे समाधान केवढे असते, हे कर्जत-खालापूरकरांना निराळे सांगावयास नको. कै. नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 साली आपला स्टुडिओ याच भागात उभारला. कलादिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना चार वेळा मिळाले. 2008 साली प्रदर्शित झालेल्या ‘जोधा अकबर’साठी मोगल बादशहाचा किल्ला त्यांनी येथल्या माळावर उभा केला. कागदावर ओढलेली रेघ भिंत होऊन उभी राहते, माणसे तिच्यापुढे थबकून पाहतात, तो आनंद पैशाने मोजता येत नाही.

परंतु आखणी एकाची असली, तरी हात अनेकांचे लागतात. कोणत्याही सेटवर सुतार असतात, साचेकाम करणारे असतात, रंगारी असतात. आम्हांला रात्री दहा वाजता एक नवी कल्पना सुचते, आम्ही कमान दोन फूट सरकवतो. आणि ती सरकवण्यासाठी दहा माणसे पहाटेपर्यंत जागतात. आम्हांला निदान निर्मितीचा आनंद तरी मिळतो. त्यांच्या वाट्याला केवळ जागरण येते. म्हणून विश्रांतीचा प्रश्न आमच्या एकट्याच्या प्रकृतीपुरता नाही, तो न्यायाचाही आहे.

मग हा विसावा सापडावा कोठे? ‘काम संपले की विश्रांती घेऊ’ असे म्हणून भागत नाही, कारण आखणीचे काम संपत नसते. प्रत्येक रेघ आणखी सुधारता येते. विसावा आरंभीच आखणीत धरावा लागतो. याचा उत्तम धडा आपल्या दाराशीच आहे.

नेरळ-माथेरानची गाडी पाहा. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1904 ते 1907 या काळात हा लोहमार्ग बांधला. रुळांतले अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे वीस किलोमीटर. डोंगर सरळ चढून जाण्याचा हट्ट आखणाऱ्यांनी धरला नाही. वळणे घेत, घोड्याच्या नालेप्रमाणे उलटे फिरत मार्ग वर नेला. पहिल्या वाफेच्या इंजिनांच्या आसांना बाजूला सरकण्याची थोडी मोकळीक ठेवली होती. ती नसती, तर एवढ्या तीव्र वळणांवर चाके अडली असती. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवतात. वर्षातले काही महिने न चालणारी ही गाडी शंभराहून अधिक वर्षे टिकली आहे.

कर्जत स्टेशनही तेच सांगते. बोरघाटातला लोहमार्ग 1863 साली खुला झाला. चढ इतका खडा, की पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जोर देणारी इंजिने लागतात, ती येथे जोडली जातात. तेवढ्या वेळात उतारू बटाटेवडा खातात. त्या थांब्याला कोणी वेळेचा अपव्यय म्हणत नाही. तो वेळापत्रकातच धरलेला असतो.

हक्काची सुट्टी ही काही आपोआप मिळालेली वस्तू नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे चळवळ केली, तेव्हा 1890 च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. कामगारांनी झगडून मिळवलेला तो दिवस आज आम्ही शिकलेली माणसे, खिशातल्या फोनवर ‘एवढा एकच बदल’ असा निरोप येताच, हसत हसत देऊन टाकतो. घरातली माणसे जेवणासाठी खोळंबून राहतात ती निराळीच.

तेव्हा आमचे सांगणे साधे आहे. काम स्वीकारतानाच मुदतीत एक मोकळा दिवस धरावा आणि तो गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावा. पुरा झालेला नकाशा त्याच रात्री हातावेगळा करू नये. रात्रभर मिटून ठेवावा व सकाळी पाहावा. जिना दारावर येतो आहे, ही चूक थकलेल्या डोळ्यांना दिसत नाही, ताज्या डोळ्यांना पहिल्या नजरेत दिसते. आणि ज्यांच्या हातून आपली आखणी उभी राहावयाची, त्यांना संध्याकाळनंतर बदल सांगू नये.

एवढे पाळले तर कामाचा आनंद कमी होईल, अशी भीती कोणी बाळगू नये. उलट, तो पुष्कळ वर्षे पुरेल, आणि आपल्याबरोबर सुताराला व रंगाऱ्यालाही त्यातला वाटा मिळेल.