वेबसाइटच्या मागची वही

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या वस्तीतील अनेक मुले-मुली आज वेबपाने तयार करायला शिकली आहेत, ही अभिमानाची बाब आहे. परंतु 'डेटाबेस' हा शब्द आला की तीच मुले थबकतात. हे आपले काम नव्हे, असे समजतात. ती भीती घालवावी, एवढाच माझा आजचा हेतू आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका संस्थेचे काम केले. शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची एक यादी आणि मुलाखतीला बोलवायच्या मुलांची दुसरी यादी, अशा दोन याद्या मी वेगवेगळ्या टाइप केल्या. एका मुलीने बदललेला फोन नंबर कळवला. मी तो पहिल्या यादीत दुरुस्त केला, दुसरीत राहून गेला. निरोप जुन्या नंबरवर गेला आणि तिची शिष्यवृत्ती हुकली. दोष तिचा नव्हता, माझ्या पद्धतीचा होता. एक माहिती एकाच ठिकाणी लिहावी, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

हाच विचार आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली शास्त्रशुद्ध मांडला. माहिती तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते एकमेकांशी क्रमांकांनी जोडावेत, असे त्याचे सोपे सार सांगता येईल.

बुद्धविहारातील वाचनालयाचेच उदाहरण घ्या. संगणक बाजूला ठेवा, कागदावर तीन तक्ते आखा. पहिला सभासदांचा : सभासद क्रमांक, नाव, फोन. दुसरा पुस्तकांचा : दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक. तिसरा देवघेवीचा : सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. तिसऱ्या तक्त्यात सभासदाचे नाव पुन्हा लिहायचे नाही. क्रमांक का, असे विचाराल तर एकाच नावाची तीन माणसे आपल्याच वस्तीत सापडतात. क्रमांक मात्र प्रत्येकाचा वेगळा. फोन बदलला, तर आता एकाच ओळीत दुरुस्ती.

कागदावर हे जमले की 'एसक्यूलाइट' घ्या. ते मोफत आहे आणि सर्व माहिती एकाच फाइलमध्ये ठेवते. वेगळा सर्व्हर लागत नाही. पुढे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस शिका. या सर्वांची भाषा एसक्यूएल. तिच्या चार आज्ञा आधी पक्क्या करा : माहिती पाहण्यासाठी सिलेक्ट, भरण्यासाठी इन्सर्ट, बदलण्यासाठी अपडेट आणि काढण्यासाठी डिलीट. शेवटच्या दोन आज्ञांत 'व्हेअर' लिहून कोणती ओळ ते सांगायला विसरलात, तर सगळा तक्ता बदलेल किंवा रिकामा होईल! म्हणून आधी प्रत काढून ठेवा.

आणखी काही सूचना. फोन नंबर आकडा म्हणून नव्हे, अक्षरे म्हणून साठवा, नाहीतर सुरुवातीचे शून्य गळते. मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी 'यूटीएफ८एमबी४' निवडा. वेबपान आणि डेटाबेस यांच्यामध्ये पीएचपी किंवा पायथनसारख्या भाषेतील प्रोग्रॅम लागतो. वाचकाने फॉर्ममध्ये भरलेला मजकूर त्या प्रोग्रॅमने आज्ञेत सरळ जोडू नये, कारण त्या वाटेने परका माणूस आपली आज्ञा घुसवतो. त्यासाठी 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' वापरा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. आपल्या संस्थांकडे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, मुलींचे फोन नंबर येतात. लोकांनी ते विश्वासाने दिलेले असतात. कामापुरतेच घ्या, कुलपात ठेवा, काम संपल्यावर काढून टाका. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. पण कायद्याआधी आपले शील आहे.

मित्रहो, ग्रंथांवरील प्रेमापोटी बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' उभारले. त्यांच्या लेकरांनी विहारातील वाचनालयाची वही नीट मांडली, तर तेही त्यांच्या कार्याला छोटेसे अभिवादन ठरेल. येत्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन या, आपण तीन तक्ते आखू.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!