स्वभावाला औषध आहे काय?

(सुवर्णमहोत्सवाच्या सांगता सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या देवळाच्या कपाटात तीन जाड नोंदवह्या आहेत. पहिलीत स्नानसंस्काराची, दुसरीत विवाहाची आणि तिसरीत अंत्यविधीची नोंद होते. गेल्या पन्नास वर्षांत या धर्मग्रामात जे जन्मले, नांदले आणि निवर्तले, त्यांची नावे या वह्यांत सापडतील. परंतु पहिल्या वहीतून तिसऱ्या वहीत जाईपर्यंत तो मनुष्य अंतर्यामी कसकसा बदलत गेला, हे कोठेच लिहिलेले नाही. देवळाचा व शाळेचा इतिहास माझ्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितला आहे. मी या न लिहिलेल्या चौथ्या वहीविषयी चार शब्द बोलणार आहे.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोठमोठे पंडितही एके काळी असेच मानीत. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली आपल्या ग्रंथात असे मत मांडले की, बहुतेक माणसांचा स्वभाव तिशीपर्यंत कायमचा घट्ट होऊन जातो. हे खरे असेल, तर या सभेत बसलेल्या आपणा बहुतेकांचा निकाल लागून गेला, असेच म्हणावे लागेल!

परंतु त्यानंतर विद्वानांनी तीच ती माणसे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासून पाहिली. ब्रेंट रॉबर्ट्स व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली अशा ९२ समूहांची माहिती एकत्र केली. तीवरून असे दिसले की, वय वाढते तसतसा मनुष्य सामान्यतः अधिक कर्तव्यदक्ष आणि मनाने अधिक स्थिर होत जातो. या बदलाचा वेग विसाव्या वर्षापासून चाळिसाव्या वर्षापर्यंत सर्वांत अधिक असतो, तरी पुढेही तो अगदी थांबत नाही. मग म्हणीत काहीच तथ्य नाही काय? तेही आहे. भरती आली की खाडीतल्या सर्वच होड्या वर उचलल्या जातात, पण पुढची होडी बहुधा पुढेच राहते. तद्वतच वयाबरोबर सर्वांनाच थोडेफार शहाणपण येते. तथापि विशीत जो इतरांहून उतावळा, तो साठीतही बहुधा आपल्या सोबत्यांहून थोडा उतावळाच असतो.

आता दुसरा प्रश्न असा की, हा बदल कशाने घडतो? आपण म्हणतो, ‘लग्न झाले की सुधारेल, मूल झाले की जबाबदारी कळेल.’ या भरवशावर आपण कित्येक मुलींची आयुष्ये पणाला लावली आहेत, म्हणून येथे सावधपणे बोलले पाहिजे. पहिल्या नोकरीच्या काळात तरुण अधिक कर्तव्यदक्ष होतात, असे जर्मनीतील एका मोठ्या पाहणीत २०११ साली आढळले. परंतु केवळ मूल जन्मास आले म्हणून आईबाप अधिक जबाबदार होतात, याला अशा अभ्यासांतून भक्कम आधार मिळालेला नाही. प्रसंग स्वतः मनुष्याला घडवीत नाही. त्या प्रसंगातून जे काम अंगावर येते, ते तो नित्य कसे करतो, यावर बरेचसे अवलंबून असते. आणि वळण नेहमी चांगलेच लागते असेही नाही. जर्मनीतील जे तरुण सैनिकी शिक्षण घेऊन आले, ते नागरी सेवा केलेल्या तरुणांपेक्षा मनमिळाऊपणात कमी भरले. आणि हा फरक पाच वर्षांनंतरही टिकून होता, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

सैनिकाचा विषय निघालाच आहे, तर लोयोलाच्या संत इग्नाशियसचे चरित्र पाहू. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा उजवा पाय मोडला. तेव्हा त्याचे वय सुमारे तीस होते, म्हणजे ज्या वयात स्वभाव घट्ट झाला असे म्हणतात तेच वय! पायाचे हाड बेढब जुळून वर आले. ते घट्ट बुटात शोभणार नाही, म्हणून या दरबारी गृहस्थाने ते पुन्हा कापवून घेण्याच्या असह्य वेदना सोसल्या. अंथरुणावर असता त्याने शूर सरदारांच्या कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे त्याच्या हाती देण्यात आली. पुढची कथा आपण सर्व जाणता.

परंतु त्या कथेतील एक प्रसंग आपण सहसा सांगत नाही. पश्चात्तापानंतर १५२२ साली तो खेचरावर बसून मोंसेराट या तीर्थाकडे निघाला होता. वाटेत भेटलेल्या एका मूर प्रवाशाने पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी वाद घातला आणि तो पुढे निघून गेला. मागाहून इग्नाशियसचा संताप अनावर झाला. जाऊन त्याला खंजिराने भोसकावे की काय, हे त्याला ठरविता येईना. शेवटी त्याने लगाम सैल सोडला आणि निर्णय खेचरावर सोपविला. खेचर दुसऱ्या वाटेने गेले, म्हणून तो मनुष्य वाचला. पाहा, मनाने देवाकडे वळलेल्या माणसात जुना सरदार अजून जिवंत होता! पुढे मान्रेसा येथे त्याने उपासतापासांचा अतिरेक केला. कालांतराने तोच इतरांना अतिरेकापासून परावृत्त करू लागला. तिशी उलटल्यावर तो बार्सेलोनात पोरांबरोबर लॅटिन शिकला. त्याच्या संघाला पोपमहाशयांची मान्यता मिळाली ती १५४० साली. म्हणजे तोफेच्या गोळ्याला एक क्षण लागला, परंतु माणूस घडायला पुढची सुमारे एकोणीस वर्षे लागली. आणि त्याची मूळची चिकाटी? ती शेवटपर्यंत तशीच राहिली. तिचा धनी मात्र बदलला.

बंधुभगिनींनो, यातून आपणांस दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत.

पहिली, ‘माझा स्वभावच असा’ ही ढाल आता खाली ठेवावी. या ढालीआड बसून आपण घरातल्यांना किती दुखवितो! समुपदेशन व मानसोपचार यांवरील २०७ अभ्यासांचे निष्कर्ष २०१७ साली एकत्र करण्यात आले. काही आठवड्यांच्या अशा साहाय्यानेही मनाची स्थिरता वाढते आणि ती पुढे टिकते, असे त्यांत दिसले. तस्मात् स्वभावाला औषध आहे. ते कडू आहे, रोज घ्यावे लागते, आणि कधी कधी वैद्याकडेही जावे लागते. त्यात लाज कसली?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. जमिनीच्या वाटणीवरून भावाशी अबोला धरून वीस वर्षे झाली. आपण त्याच्याशी बोलत नाही, म्हणजे कोणाशी बोलत नाही? वीस वर्षांपूर्वीच्या एका तिशीतल्या तापट तरुणाशी! तो तरुण आज बहुधा त्या घरात राहत नाही. त्याच्या जागी एक पिकल्या केसांचा मनुष्य बसला आहे, आणि आपण त्याला ओळखीतही नाही. सासू सुनेला पहिल्या वर्षाच्या चुकांवरून जोखते. सून सासूचे तेव्हाचे शब्द अजून जपून ठेवते. हा एकमेकांवर केवढा अन्याय! मात्र याचा विपरीत अर्थ कोणी करू नये. ज्या घरात मारहाण चालू आहे, तेथील भगिनीला ‘तो बदलेल, सोशीत राहा’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही, तुम्हांलाही नाही. माणूस आज जसा आहे तसा पाहावा, एवढेच माझे सांगणे आहे.

२०१३ साली डॅनियल गिल्बर्ट व सहकाऱ्यांनी एकोणीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. अठरा वर्षांच्या तरुणापासून अडुसष्ट वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्वांची समजूत एकच: मागल्या दहा वर्षांत मी पुष्कळ बदललो, पण येत्या दहा वर्षांत फारसा बदलणार नाही. आपण सर्वच या भ्रमात असतो. मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे. ‘आता झाले ते झाले’ असे म्हणण्याचा मोह मलाही होतो.

लेवीय ग्रंथात पन्नासावे वर्ष हे सुटकेचे वर्ष म्हणून सांगितले आहे. त्या वर्षी दास मोकळे होत आणि गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत येई. आपण आज देवळाला रंग दिला, पताका लावल्या, ठीकच झाले. परंतु ज्या माणसाला आपण त्याच्या जुन्या रूपात वर्षानुवर्षे बांधून ठेवले आहे, त्याला या महोत्सवात मोकळे करू या. त्याचे नाव प्रत्येकाला ठाऊक आहे. या आठवड्यात त्याच्या दारी जाऊन ‘कसा आहेस?’ एवढे विचारा, आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. चौथ्या वहीतले एक पान त्या दिवशी लिहिले जाईल.

परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो.